खाल्लेल्या पानांची बाजू घेणारे पुस्तक

बागकामाच्या पुस्तकांत पाच-पंचवीस पाने उलटली की कीड मारण्याचे उपाय सुरू होतात. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी यांच्या 'ब्रिंगिंग नेचर होम' या पुस्तकाची तक्रार वेगळीच आहे. बागेतली पाने कोणीच खात नसेल तर त्या बागेत काहीतरी चुकले आहे, असे ते म्हणते. टिंबर प्रेसने २००७ मध्ये हे पुस्तक प्रसिद्ध केले, २००९ मध्ये त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती निघाली, आणि अमेरिकेत घराभोवती देशी झाडे लावण्याची जी चळवळ पसरली तिचे ते जवळजवळ पाठ्यपुस्तक झाले. 'देशी झाडे लावा' ही घोषणा आपल्याकडेही शाळांच्या भिंतींवर येऊन पोचली आहे. तेव्हा या पुस्तकातून आपण काय घ्यावे आणि काय तपासून घ्यावे, हे पाहण्याजोगे आहे. आमचे मत थोडक्यात असे, की या पुस्तकातला युक्तिवाद त्याच्या घोषणेपेक्षा बराच चांगला आहे.

आधी युक्तिवाद पाहू. सूर्याची ऊर्जा वनस्पती साठवतात, आणि ती पुढे प्राण्यांपर्यंत पोचवण्याचे मोठे काम पाने खाणारे कीटक करतात. हे आपण आठवीच्या वर्गात अन्नसाखळी शिकवताना सांगतोच. फक्त फळ्यावरच्या त्या साखळीत गवत, नाकतोडा, बेडूक, साप असे ठरलेले सोबती असतात आणि सगळी साखळी कुठल्यातरी दूरच्या रानात घडत असते. टॅलमी ती घराच्या अंगणात आणतात. उत्तर अमेरिकेतील जमिनीवरच्या पक्ष्यांपैकी ९६ टक्के पक्षी आपल्या पिलांना कीटक व तत्सम संधिपाद प्राणी भरवतात, असा आकडा ते देतात. दाणे टिपणारा पक्षीसुद्धा पिलाला दाणा देत नाही, अळी देतो. म्हणजे अंगणात अळ्या नाहीत तर पिले नाहीत, मग दाण्याची कितीही भांडी टांगा.

आता मुख्य मुद्दा. कोणतीही अळी कोणतेही पान खात नाही. वनस्पती पळू शकत नाहीत, म्हणून त्यांनी पानांत नाना प्रकारची कडू, विषारी, चिकट रसायने भरून ठेवलेली असतात. एखाद्या कीटकाने पिढ्यान्‌पिढ्या एकाच गटातल्या वनस्पतींशी झगडून त्या रसायनावर तोड काढलेली असते. पण ती तोड दुसऱ्या रसायनावर चालत नाही. बहुसंख्य पानखाऊ कीटक असे ठरावीक वनस्पतींशी बांधलेले असतात. आपल्याकडे याचे उत्तम उदाहरण रुईचे. रुईच्या चिकाला गुरे तोंड लावत नाहीत, पण प्लेन टायगर फुलपाखराची अळी तीच पाने खाऊन वाढते आणि ते विष अंगात साठवून पक्ष्यांपासून स्वतःचा बचावही करते. अमेरिकेतले मोनार्क फुलपाखरू आणि मिल्कवीड यांची जोडी हीच. दोन्हीकडच्या वनस्पती एकाच कुळातल्या आहेत.

यावरून टॅलमी पुढचे पाऊल टाकतात. दूरच्या खंडातून आणलेल्या झाडाच्या रसायनाशी इथल्या कीटकांची ओळख नसते, म्हणून ते झाड हिरवे दिसले तरी कीटकांच्या दृष्टीने ताट रिकामेच असते. ऑस्ट्रेलियातील मेलाल्यूका या झाडाचा दाखला ते देतात. मायदेशी त्यावर ४०९ प्रकारचे कीटक पोसले जातात; फ्लोरिडात येऊन १२० वर्षे झाली तरी त्यावर आठच जाती आढळल्या. उलट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ओक या एका प्रजातीवर पाचशेहून अधिक जातींच्या फुलपाखरांच्या व पतंगांच्या अळ्या वाढतात.

हे सर्व महत्त्वाचे का, ते समजायला अमेरिकेतल्या घरांचा नकाशा डोळ्यापुढे आणावा लागेल. तिथे स्वतंत्र घराभोवती हिरवळ राखण्याची रीत आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार ही कापलेली हिरवळ सुमारे १,६०,००० चौरस किलोमीटर भरते. महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त! एवढ्या जमिनीवर जवळजवळ एकाच प्रकारचे गवत, आणि कडेला शोभेची चिनी-जपानी झुडपे. शेजाऱ्यांच्या संस्थांचे नियम असे कडक, की हिरवळ काढून रानफुले लावणाऱ्यावर कारवाई होते. मेरीलँड राज्याला २०२१ मध्ये अशा घरमालकांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. टॅलमी यांचे वाचक हे अंगणवाले आहेत. अभयारण्ये अपुरी पडणार हे त्यांना सांगून ते म्हणतात, तुमचे अंगण हाती आहे ना, मग तिथून सुरुवात करा. शास्त्रज्ञाने माणसाला असे हाताशी काम देणे आम्हाला फार मोलाचे वाटते.

आणि ते नुसते सांगून थांबले नाहीत. २०१८ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टन परिसरातल्या घरांच्या बागांत कॅरोलिना चिकडी या पक्ष्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. चिकडी म्हणजे आपल्या रामगंगेच्या कुळातला, चिमणीपेक्षा लहान पक्षी. बागेतल्या एकूण वनस्पतींत देशी वनस्पतींचा भार ७० टक्क्यांच्या खाली गेला की तिथे या पक्ष्यांची संख्या टिकून राहण्याइतकी पिले वाढत नाहीत, असे त्यांना आढळले. २००७ च्या पुस्तकात जे तर्काने मांडले होते त्याला अकरा वर्षांनी मोजमापाचा आधार मिळाला. बागेविषयी लिहिणाऱ्यांत ही सवय दुर्मीळ आहे.

मग तक्रार कशाची? पहिली तक्रार आकड्यांची. ओकवर पाचशेहून जास्त जाती, हे वाक्य चळवळीत इतके फिरले आहे की कोणी त्याच्या आत डोकावत नाही. ओक ही एक जाती नव्हे, प्रजाती आहे, आणि एकट्या अमेरिकेत तिच्या सुमारे नव्वद जाती आहेत. ज्या प्रजातीत एकच जाती आहे तिच्याशी ओकची तुलना करणे म्हणजे एका घरातल्या माणसाची तुलना अख्ख्या भावकीशी करणे होय. शिवाय जातींची संख्या म्हणजे अळ्यांची संख्या नव्हे. पक्ष्याच्या पिलाला वीस जातींची एकेक अळी मिळाली काय किंवा एका जातीच्या वीस अळ्या मिळाल्या काय, पोट सारखेच भरते. टॅलमींच्या गटाने २०२० मध्ये केलेल्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली : देशी वनस्पतींच्या प्रजातींपैकी केवळ १४ टक्क्यांवर तिथल्या ९० टक्के फुलपाखरे-पतंगांच्या जाती अवलंबून आहेत. म्हणजे देशी असूनही फारसे कोणाला न पोसणारी झाडे पुष्कळ आहेत. 'देशी' हा शिक्का मारला की काम झाले, असे त्यांचेच संशोधन सांगत नाही.

दुसरी तक्रार मोठी आहे, ती इतिहासाची. हे पुस्तक झाडांना दोन रांगांत उभे करते, देशी आणि परकी. कोणते झाड कसे, कधी आणि कोणाच्या हाताने आले हे त्यात आहे, पण धावते. आमच्या मते विद्यार्थ्यांना गोडी लागते ती नेमकी या गोष्टींची, आणि शिकण्यासारखेही त्यांतच अधिक आहे.

ब्रॅडफर्ड नाशपातीचेच पहा. कॅलरी नाशपाती हे चिनी झाड विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत आले ते शोभेसाठी नव्हे. फायर ब्लाइट या जिवाणूजन्य रोगाने तिथल्या नाशपातीच्या बागा मरत होत्या आणि या रोगाला तोंड देणारा खुंट कलमांसाठी हवा होता. पुढे त्यातल्या एका देखण्या, बिनकाट्याच्या झाडाची निवड होऊन १९६३ मध्ये 'ब्रॅडफर्ड' हे वाण बाजारात आले. वसंतात पांढऱ्या फुलांनी डवरणारे, लवकर वाढणारे आणि फळ न धरणारे. सगळी झाडे एकाच झाडाची कलमे, म्हणजे आनुवंशिक दृष्ट्या एकच, आणि या जातीत स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. म्हणून झाड निर्धोक मानले गेले आणि नव्या वसाहतींच्या रस्त्यांवर ओळीने लागले.

पण ब्रॅडफर्डच्या फांद्या खोडाला फार अरुंद कोनात फुटतात. पंधरा-वीस वर्षांनी वादळात झाडे उभी चिरू लागली. रोपवाटिकांनी मग अधिक मजबूत अशी त्याच जातीची दुसरी वाणे काढली. आता एका रस्त्यावर दोन वेगवेगळी वाणे आली! एकाचे पराग दुसऱ्याला चालले, कलमाखालच्या खुंटाला फुटलेल्या फांद्यांचेही चालले, आणि वांझ म्हणून लावलेली झाडे फळांनी लगडली. पक्ष्यांनी बिया माळांवर नेल्या. आता काटेरी रानटी नाशपातींची दाटी उठली आहे. ओहायोने २०२३ मध्ये आणि दक्षिण कॅरोलिना व पेनसिल्व्हेनिया या राज्यांनी २०२४ मध्ये या झाडाच्या विक्रीवर बंदी घातली. स्वपरागण, परपरागण, कलम, खुंट, वाण हे दहावी-बारावीतले सगळे शब्द या एका कथेत येतात. आणि येथे दुष्ट कोणीच नाही. रोग टाळायला झाड आणले, फळांचा कचरा नको म्हणून वांझ वाण निवडले, मोडते म्हणून सुधारले. प्रत्येक पाऊल त्या वेळी शहाणपणाचेच होते.

कुडझू वेलीची कथा याहून ढोबळ आहे. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात जपानने मांडलेली ही वेल आधी व्हरांड्यावर सावलीसाठी चढली. १९३० नंतर जमिनीची धूप थांबवण्यासाठी सरकारच्या मृदसंधारण खात्याने तिची कोट्यवधी रोपे वाटली आणि लावणाऱ्या शेतकऱ्याला एकरामागे पैसेही दिले.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला फ्रँकलिनिया आहे. जॉन बार्ट्रम व त्यांचा मुलगा विल्यम यांना १७६५ मध्ये जॉर्जियातील अल्टमाहा नदीकाठी एक अनोळखी झाड दिसले. विल्यमने पुढे त्याचे बी आणून फिलाडेल्फियाच्या आपल्या बागेत लावले. बेंजामिन फ्रँकलिन यांच्यावरून त्याला नाव मिळाले. १८०३ नंतर हे झाड रानात कोणालाही खात्रीने दिसलेले नाही. आज जगात असलेले प्रत्येक फ्रँकलिनिया बार्ट्रमांच्या बागेतल्या झाडांचा वंशज आहे. आता टॅलमींच्या कसोटीने या झाडाचे काय करायचे? फिलाडेल्फियाच्या माळ्याला ते देशी म्हणावे, तर त्याचे घर सुमारे हजार किलोमीटर दक्षिणेला होते. परके म्हणावे, तर त्याला जगात दुसरी जागाच उरलेली नाही. अळ्यांच्या यादीत ते वरच्या क्रमांकावर येणारे नाही. तरीही अंगणात लावावे असे झाड आहे, आणि ते का, हे सांगायला पुस्तकातला एकच निकष अपुरा पडतो.

बोरूची गोष्ट तर पुस्तकाच्या मुळाशी जाते. फ्रॅगमायटिस हा दलदलीतला बोरू टॅलमी परक्या वनस्पतींचा मासला म्हणून देतात. पण हा बोरू अमेरिकेत हजारो वर्षांपासून आहे. वनस्पतिसंग्रहांतले जुने वाळवलेले नमुने व आजची झाडे यांच्या डीएनएची तुलना २००२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा कळले की दलदली गिळत सुटलेला वंश युरोप-आशियाकडून आलेला आहे आणि मूळचा अमेरिकी वंश त्याच्यापुढे मागे हटला आहे. नाव एक, जाती एक, इतिहास दोन. यादीत नाव पाहून देशी-परके ठरवणाऱ्याला हा फरक दिसणारच नाही.

आता आपल्या परसाकडे वळू, कारण शिक्षकांना हे पुस्तक तिथेच वापरायचे आहे. चिंचेचे शास्त्रीय नाव टॅमारिंडस इंडिका. त्यातला पहिला शब्द अरबीतल्या 'हिंदचा खजूर' या अर्थाच्या नावावरून आला. संस्कृतात तिला चिंचा, तिंतिडी अशी जुनी नावे आहेत. आणि झाडाचे मूळ घर मात्र आफ्रिका. देवळापुढचा पांढरा चाफा मध्य अमेरिकेकडचा, झेंडू मेक्सिकोचा, सदाफुली मादागास्करची. सीताफळाला सीतेचे नाव आहे. भारहूतच्या शिल्पांत सीताफळ दिसते असे अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले होते. वनस्पतिशास्त्र मात्र त्याचे घर उष्ण कटिबंधातील अमेरिकेत दाखवते. परके म्हणजे नवे आणि देशी म्हणजे जुन्या नावाचे, ही आपली सर्वसाधारण समजूत इथेच कोलमडते.

पण खरी गंमत पुढे आहे. चिंचेच्या पानांवर ब्लॅक राजा या आपल्या फुलपाखराची अळी वाढते. सीताफळाच्या पानांवर टेल्ड जे फुलपाखराची. कुंडीतली पानफुटी मादागास्करची, तरी तिच्या जाड पानाच्या आत शिरून रेड पिएरोची अळी पान पोखरते, आणि ते छोटे काळे-पांढरे-तांबडे फुलपाखरू पानफुटी असलेल्या गच्चीवर सहज दिसते. टॅलमींची घोषणा खरी धरली तर हे घडायला नको. त्यांचा युक्तिवाद खरा धरला तर हे घडायलाच हवे. सीताफळाच्या कुळातली हिरवा चाफा आणि खोटा अशोक ही झाडे दक्षिण भारतातली आहेत, आणि टेल्ड जे त्यांच्यावर आधीपासून वाढत होते. पानफुटीच्या प्रजातीतल्या काही जाती आपल्या डोंगरांवरही आहेत. कीटकाला झाडाचा देश कळत नाही. पानातले रसायन ओळखीचे आहे की नाही एवढे कळते. टॅलमी हे जाणतात, जवळच्या नात्यातल्या परक्या झाडांचा विचार त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेलाही आहे. पण पुस्तकातून चळवळीत उतरताना 'नाते' गळून पडले आणि 'देश' तेवढा राहिला.

आपल्याकडे तर या 'देश' शब्दाबरोबर स्वदेशीची भावनाही येते, आणि मग झाडांबद्दल बोलताना आपण नकळत माणसांबद्दल बोलू लागतो. शिक्षकांनी येथे सावध असावे. शिवाय भारताची सीमा ही वनस्पतींची सीमा नव्हे. कोकणातल्या दमट रानातले झाड बीड-लातूरच्या मुरमाड माळावर भारतीय असूनही पाहुणेच ठरेल. म्हणून आम्हाला 'देशी' पेक्षा 'स्थानिक' हा शब्द बरा वाटतो.

याचा अर्थ सगळी परकी झाडे सारखीच चालतील असा कोणी काढू नये. घाणेरी, म्हणजे लँटाना, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणूनच भारतात आली आणि आज तिने रानेच्या राने व्यापली आहेत. तिच्या फुलांवर फुलपाखरांची गर्दी असते, आणि तेवढ्यावरून काही शाळांच्या फुलपाखरू-उद्यानांत तिला मानाने जागा मिळते. मधासाठी आलेले फुलपाखरू अंडी घालायला मात्र दुसरीकडे जाते. फुलांचे ताटवे लावून अळ्यांच्या पानांची सोय न करणे, ही चूक अमेरिकेतही होते. तिच्यावर टॅलमींनी लिहिलेला भाग मराठीत जसाच्या तसा यायला हवा.

परिशिष्टे मात्र वगळावीत. अमेरिकेच्या विभागवार झाडांच्या त्या याद्या आपल्या काही कामाच्या नाहीत, आणि त्यांच्या जागी घाईने आपल्या याद्या घालू नयेत. पश्चिम घाटातल्या फुलपाखरांच्या अळ्यांच्या खाद्यवनस्पतींची संकलित यादी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली आहे. ती आधाराला घ्यावी. एखादे झाड इथले की लावलेले, हे पाहायला थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळात निघालेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ अजून उपयोगी पडतो. पुण्यातील कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य असलेल्या या गृहस्थांनी रानटी आणि लागवडीची झाडे वेगळी सांगितली आहेत.

ज्यांना पुस्तक मिळणार नाही त्यांनी जून ते सप्टेंबर एवढे करून पाहावे. शाळेच्या आवारातले कढीपत्ता, सीताफळ, पानफुटी, बहावा आणि शोभेचे क्रोटन, प्रत्येकाची पन्नास पाने दोऱ्याने खूण करून ठेवावी आणि दर शनिवारी किती पाने खाल्ली गेली ते मुलांकडून मोजवावे. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली तर ती बहुधा लिंबाच्या फुलपाखराची किंवा कॉमन मॉरमॉनची असेल. केसाळ सुरवंटांना मुलांना हात लावू देऊ नये. आणि त्या चार महिन्यांत आवारात औषध फवारायचे नाही, हे शिपाईमामांना आधीच सांगून ठेवावे.